तारेवरचा अनामिक हात

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत गिटारवादकांच्या इतिहासावर बोलण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस हटकले. "अहो, वर्ध्याच्या माणसाला त्या गिटारीचे काय?" असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. भजन, कीर्तन, नाट्यसंगीत हे आपल्या अंगवळणी पडलेले. त्यात हे परदेशी लाकूड कोठे बसवावयाचे? आम्ही त्यांना उलट एकच गोष्ट विचारली. "सन १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातले 'दम मारो दम' हे गाणे आपण ऐकले आहे काय?" "कोणी ऐकले नाही?" ते म्हणाले. गायिका कोण, हे त्यांना ठाऊक होते. संगीतकार ठाऊक होते. पडद्यावर कोण होते, हे तर विचारावयासच नको. मग आम्ही म्हणालो, "त्या गाण्याच्या तोंडाशी जी गिटार वाजते, जिच्या पहिल्या दोनचार सुरांवरूनच गाणे ओळखू येते, ती कोणी वाजविली?" यावर ते गप्प झाले.

ती वाजविली भूपिंदरसिंग यांनी. गझलगायक म्हणून ज्यांचे नाव घरोघर पोचले, तेच हे भूपिंदर. गळ्याचे नाव झाले, हाताचे झाले नाही. माणूस एकच, पण गळ्याच्या खात्यावर जमा झाली आणि हाताच्या खात्यावर शून्य राहिले. हे असे का होते, हाच आजचा आमचा विषय आहे.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. साथीदार विस्मृतीत जातो तो नेहमीच गुणाने कमी असतो म्हणून जात नाही. श्रेयाची वही ज्याच्या हाती असते, तो त्याचे नाव लिहीत नाही म्हणून जातो. हे आपणां वर्धेकरांना समजावून सांगण्यास फार दूर जावयास नको. आपल्याकडील जिनप्रेसमधून रुईची गाठ बाहेर पडते. सन १९२५ च्या कायद्याने अशा प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्का आणि अनुक्रमांक असावा, असे बंधन घातले. मार्का पाहून मुंबईच्या व्यापाऱ्यालाही ती गाठ कोठली, हे कळे. पण ज्या बाईने उन्हात वाकून बोंडाबोंडातून तो कापूस वेचला, तिचे नाव कोणत्याही गाठीवर कधी आले नाही. गिटारीचा इतिहास म्हणजे थोडाबहुत या गाठीचाच इतिहास होय. ही केवळ उपमाही नाही. त्या वाद्यातून जे संगीत जगभर पसरले, त्याचे मूळ खरोखरच कापसाच्या शेतात आहे.

वर्धा जिल्हा सन १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला न भूतो असा भाव आला. आपल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा मुंबईपासून इंग्लंडपर्यंत घेतले जात होते. सन १८६६ मध्ये वर्धा शहर वसले. पुढच्याच वर्षी आगगाडी नागपुरास पोचली. तिकडच्या रणांगणावर जे घडले, त्याचे पडसाद असे आपल्या शेतांत उमटले.

पण तिकडे कापूस पिकविणाऱ्यांचे काय झाले? सन १८६५ मध्ये युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने बंद झाली, आणि लाखो कृष्णवर्णी माणसे मोकळी झाली. मोकळी म्हणजे कशी? जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, उधारीचे दुकान मालकाचे, आणि हंगामाअखेरचा हिशेबही मालकाच्याच वहीत. अर्ध्या वाट्याने कसणाऱ्याच्या पदरी वर्षाअखेर कर्जच उरे. सावकारीचा अनुभव असलेल्या मुलखाला याचा अधिक उलगडा करून सांगण्याचे कारण नाही. मिसिसिपी नदीच्या काठच्या या कापूसपट्ट्यात, एकोणिसावे शतक मावळता मावळता, जे गाणे जन्मास आले त्याचे नाव ब्लूज.

या गाण्याची घडण समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यातच साथीदाराच्या प्रश्नाचे मर्म आहे. साधारणतः चार-चार मात्रांचे बारा विभाग, आणि त्यात तीन ओळी. पहिली ओळ दुःख सांगते. दुसरी तीच पुन्हा सांगते. तिसरी तिला उत्तर देते. आपल्या जात्यावरच्या ओवीत बाई जशी एक चरण घोळवून मग पुढे जाते, तसाच हा प्रकार. सुरांचेही तसेच. पेटीच्या पट्टीवर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार या दोन वेगळ्या पट्ट्या. ब्लूज गाणारा त्या दोहोंच्या मधल्या फटीत सूर लावतो. तो सूर पेटीत नाही, पण तारेवर आहे. तार बोटाने ओढली, अथवा तिच्यावरून काचेची नळी वा चाकूची पात फिरविली, की मींड निघते आणि तो मधला सूर सापडतो. आणखी एक विशेष असा, की गाणाऱ्याची ओळ विभाग भरण्याआधीच संपते, व उरलेली जागा गिटार भरून काढते. म्हणजे येथे गिटार ही गाण्याच्या मागे चालणारी दासी नव्हे. ती संवादातील दुसरे पात्र आहे.

या वादनाचे एक फार जुने वर्णन डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराच्या सन १९४१ च्या आत्मचरित्रात आहे. सुमारे १९०३ साली मिसिसिपीतील टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनावर ते गाडीची वाट पाहत पेंगत बसले होते. जाग आली ती एका विलक्षण सुराने. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक कृष्णवर्णी माणूस गिटार वाजवीत होता आणि तारांवर चाकू दाबून सूर ओढीत होता. हँडी पुढे याच संगीताच्या आधारे विख्यात झाले. 'ब्लूजचा जनक' हे बिरुद त्यांना मिळाले. स्टेशनावरच्या त्या माणसाचे नाव मात्र पुस्तकात नाही. या इतिहासाचा आरंभच असा एका बेनाव गिटारवादकापासून होतो.

या समाजाची आणि आपल्या वर्ध्याची गाठ एकदा प्रत्यक्ष पडली होती. सन १९३६ च्या फेब्रुवारीत हॉवर्ड थर्मन व त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन हे कृष्णवर्णी अमेरिकन दांपत्य बार्डोलीस गांधीजींना भेटले. निरोप घेताना गांधीजींनी त्यांना त्यांच्या समाजाची भक्तिगीते गाण्याची विनंती केली, आणि गुलामगिरीच्या काळात जन्मलेली ती पदे तेथे गाइली गेली. ही भक्तिगीते आणि ब्लूज म्हणजे एकाच आईची दोन लेकरे. एक देवळात वाढले, दुसरे रस्त्यावर. त्याच वर्षाअखेर बेंजामिन मेज हे गृहस्थ वर्ध्यास गांधीजींच्या भेटीस आले आणि सुमारे दीड तास अहिंसेविषयी बोलत बसले. मेज यांचे आईबाप गुलामगिरीत जन्मलेले, आणि घर कापूस पिकविणाऱ्या कुळाचे. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते गुरू झाले. कापूस पिकविणाऱ्या एका मुलखातून निघून ते कापूस पिकविणाऱ्या दुसऱ्या मुलखात आले होते. सन १९३६ हे साल श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते आपणांस दोनदा भेटणार आहे.

अमेरिकेतील विस्मृत वादकांची यादी मोठी आहे. त्यातील दोन स्त्रियांच्याच हकीकती आम्ही सांगतो. पहिली एलिझाबेथ कॉटन. योगायोग असा, की तिच्या आडनावाचा उच्चारही कापसाचाच. ती डावरी होती. उजव्या हाताच्या लोकांसाठी बनविलेली गिटार तिने उलटी धरली आणि अंगठ्याने चाल व बोटांनी खर्ज अशी स्वतःचीच रीत बसविली. मालगाडीवरचे एक गाणे तिने लहान वयातच रचले. पुढे संसार व धुणीभांडी यांत तिचे वादन सुटले. उतारवयात एका संगीतज्ञ कुटुंबात घरकामास असताना भिंतीवरची गिटार तिने सहज काढून वाजविली, तेव्हा घरातल्यांना कळले की आपल्या स्वयंपाकघरात कोण आहे. मधल्या काळात ते गाणे इंग्लंडात पोचले आणि सन १९५७ मध्ये तेथे दुसऱ्यांच्याच नावावर गाजले. पुढच्या वर्षी तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा तिने साठी ओलांडली होती. नव्वदी ओलांडल्यावर तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ती १९८७ साली वारली.

दुसरी सिस्टर रोझेटा थार्प. हिने देवाची गाणी विजेच्या गिटारीवर वाजविली, आणि अशा जोमाने वाजविली की रॉक या नावाने पुढे जे संगीत प्रसिद्धीस आले त्याचा पाया तिने आधीच घालून ठेवला होता. सन १९६४ मध्ये मँचेस्टर येथील एका बंद पडलेल्या रेल्वेस्टेशनावर तिचे वादन दूरचित्रवाणीसाठी टिपले गेले. एका फलाटावर ती आणि समोरच्या फलाटावर तरुण श्रोते. त्या काळी अनेक इंग्रज पोरे असेच ब्लूज ऐकून, शिकून पुढे कोट्यधीश झाली. रोलिंग स्टोन्स या मंडळींनी तर आपले नावही मडी वॉटर्स या कापूसमळ्यावर राबलेल्या गायकाच्या गाण्यावरून घेतले. रोझेटा १९७३ साली वारली, आणि तिच्या थडग्यावर तीस वर्षांहून अधिक काळ नावाचा दगडही नव्हता. रॉक संगीताच्या मानकऱ्यांच्या दालनात तिला जागा मिळाली ती सन २०१८ मध्ये.

कोणी म्हणेल, तो वर्णद्वेषाचा मुलूख; तेथे असे होणारच. आपल्याकडे तसे नाही. आम्हांसही प्रथम असेच वाटत होते. म्हणून आता घरी, म्हणजे मुंबईस, येऊ.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. भाकरीसाठी हे गोमंतकीय तरुण मुंबईस येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडांत राहत, आणि हॉटेलांतील वाद्यवृंदांत वाजवीत. सन १९३५ नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काही कृष्णवर्णी अमेरिकन वादक येऊन राहिले. त्यांच्या सहवासात या तरुणांनी जॅझचे, म्हणजे ब्लूजच्या त्या शहरी भावंडाचे, धडे गिरविले. पुढे चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे झाले, तेव्हा स्वरलिपी वाचू शकणारे हेच लोक उपयोगी पडले. संगीतकार चाल गुणगुणे. ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवावे, हे ठरविण्याचे काम पुष्कळदा गोमंतकीय संयोजक करी.

नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे आणि नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशी काही काळ शिकलेले आपले सी. रामचंद्र यांनी या मंडळींचा फार मार्मिक उपयोग करून घेतला. सन १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील 'ईना मीना डीका' हे हिंदी चित्रपटातील पहिल्या रॉक-धर्तीच्या गाण्यांपैकी एक मानतात. त्यातले 'माका नाका' हे शब्द म्हणजे 'मला नको' अशा अर्थाची शुद्ध कोंकणी होय, आणि ते सुचविले जॉन गोम्स या साथीदाराने. सारा देश ते शब्द निरर्थक म्हणून गात राहिला. निरर्थक ते नव्हते. ज्याच्या मायबोलीतून ते आले, तो माणूस आपणांस दिसत नव्हता, एवढेच.

येथे एक तुलना करणे अवश्य वाटते. आपल्या संगीत नाटकांत साथीदार रंगमंचासमोर, प्रेक्षकांच्या नजरेत बसत. म्हणून गंधर्व नाटक मंडळीच्या प्रेक्षकाला बालगंधर्वांबरोबरच अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ठाऊक असे. पदानंतर वाहवा होई ती तिघांची मिळून होई. म्हणजे साथीदाराचे नाव लक्षात ठेवण्याची रसिकता आपल्या समाजात नव्हती असे नव्हे. ध्वनिमुद्रण आले, साथीदार भिंतीआड गेला आणि पडद्यावर ओठ हलविणारे दुसरेच कोणी आले. गायकांनाही आपले नाव तबकडीवर छापून घेण्यासाठी एके काळी झगडावे लागले. वादकांसाठी झगडणारे कोणी नव्हते. चित्रपटाच्या नामावळीत वेशभूषाकार असे, केशभूषाकार असे; वादकांना बहुधा जागा नसे. त्यांना त्या दिवसाची बिदागी मिळे आणि हिशेब तेथेच मिटे.

गिटारवादकांचे नाव तबकडीवर येण्याचा एक मार्ग होता. व्हान शिप्ले आणि हजारासिंग या दोघांनी चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या गिटारीवर वाजवून त्यांच्या स्वतंत्र तबकड्या काढल्या. तारेवर पोलादी कांडी फिरवून काढलेली ती मींड एके काळी लग्नाच्या मांडवात आणि उपाहारगृहांत दिवसभर ऐकू येई. पण यातही खोच पाहावी. स्वतःचे नाव मिळाले ते दुसऱ्याची लोकप्रिय चाल वाजविली म्हणून. दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःचे काही घातले, तेव्हा नाव मिळाले नाही.

सन १९७० च्या आगेमागे तर हिंदी गाण्यांत गिटारीचे राज्यच आले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात भूपिंदर यांच्या जोडीला भानू गुप्त होते. त्यांचा जन्म रंगूनचा. 'शोले'मधील माउथऑर्गनची जी धून आबालवृद्धांना पाठ आहे, ती त्यांच्याच श्वासातली. 'अमर प्रेम'मधील 'चिंगारी कोई भडके' या गाण्यात नावेच्या हेलकाव्यासारखी जी गिटार मंदपणे चालते, ती त्यांच्या हाताची. गाणे ऐकताना आपले लक्ष शब्दांकडे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ती गिटार काढून टाकली तर नाव हलावयाची थांबेल. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे गोरख शर्मा होते, प्यारेलाल यांचे सख्खे बंधू. सन १९८० च्या 'कर्ज' चित्रपटातील 'एक हसीना थी' या गाण्याची गिटारीची धून त्यांनी वाजविली. चित्रपटाचे सारे कथानक त्या धुनीभोवती फिरते. ती ऐकून खुनी स्त्री दचकते. पडद्यावर नायक गिटार छेडताना दिसतो, आणि प्रेक्षकांच्या मनात ती धून कायमची त्याचीच झाली. त्या धुनीवर जॉर्ज बेन्सन या अमेरिकन कृष्णवर्णी गिटारवादकाची स्पष्ट छाया आहे, आणि त्यांचेही नाव आपल्याकडे कोणी घेतले नाही. एका अनामिकावर दुसरा अनामिक.

गोरख शर्मा २६ जानेवारी २०१८ रोजी निवर्तले. भानू गुप्त दुसऱ्याच दिवशी. चोवीस तासांच्या आत हिंदी चित्रपटगीतांतील दोन मोठे गिटारी हात थांबले. आपल्यापैकी किती जणांना ते त्या दिवशी कळले? आम्हांस कळले नव्हते, हे येथे कबूल करतो. भूपिंदर २०२२ साली गेले, तेव्हा श्रद्धांजलीचा मोठा भाग त्यांच्या गाण्यांवर होता.

हे झाले पडद्यामागच्यांचे. पण जो पुढे आला, ज्याने स्वतःच्या नावावर स्वतःचे संगीत वाजविले, त्याचे तरी काय झाले? आमान्सियो डि'सिल्वा यांचे उदाहरण पाहा. गोमंतकीय कुळातील हा कलावंत मुंबईत जन्मला तो सन १९३६ मध्येच, ज्या वर्षाअखेर मेज वर्ध्यास आले त्या वर्षी. हॉटेलांत, क्लबांत वाजवीत असता जयपूरच्या महाराणींना त्यांचे वादन इतके आवडले, की त्यांनी त्यांस गिब्सन बनावटीची उत्तम गिटार भेट दिली. सन १९६७ च्या सुमारास ते लंडनला गेले. तेथे १९६९ साली त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. 'इंटिग्रेशन' ही एक. दुसरीचे नाव चक्क हिंदी, 'हम दोनो'. या दुसरीत त्यांच्या जोडीला जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट होते. याच हॅरियट यांच्या दुसऱ्या एका प्रयोगात केशव साठे हे आपले मराठी तबलावादक साथीस होते. त्यांचेही नाव महाराष्ट्रात फारसे कोणास ठाऊक नाही.

डि'सिल्वा यांच्या वादनाचे वैशिष्ट्य असे, की जॅझच्या मोकळ्या विस्तारात ते आपल्या रागांची वळणे सहज घेत. जोडकाम केल्याचा शिवणटाका दिसत नाही. सतारीचे चार तुकडे चिकटवून 'भारतीय' रंग देण्याची तेव्हा युरोपात चूष होती. यांना तिची गरज नव्हती. पण लंडनच्या जॅझवाल्यांना ते परके वाटले, आणि आपल्याला तर ते दिसलेच नाहीत. सन १९७२ च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलेली त्यांची एक ध्वनिमुद्रिका बाजारात आली सन २००६ मध्ये. तिचे नाव 'कोंकण डान्स'. ते स्वतः १९९६ सालीच वारले होते. आपल्या कोंकणाचे नाव घेतलेले हे संगीत चौतीस वर्षे फडताळात पडून होते.

तिसरा वर्ग मुंबईच्या रॉकवाद्यवृंदांतील तरुणांचा. एका सिगारेटच्या नावाने भरविल्या जाणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेत देशभरचे वृंद उतरत. सन १९७० व १९७१ च्या स्पर्धकांच्या तबकड्या निघाल्या, आणि आज परदेशी संग्राहक त्या धुंडाळीत असतात. सन १९७२ मध्ये लेड झेपलिन या जगप्रसिद्ध वृंदाचे गिटारवादक जिमी पेज मुंबईस आले, तेव्हा कुलाब्याच्या एका नृत्यगृहात त्यांनी स्थानिक वादकांबरोबर वाजविले. पाहुण्यांची आठवण राहिली. यजमान वादकांची नावे थोड्यांनाच माहीत. पुढे १९८४ साली मुंबईत रॉक मशीन नावाचा वृंद निघाला. त्याचे प्रमुख गिटारवादक महेश तिनईकर. परक्यांची गाणी वाजविण्याच्या त्या काळात १९८८ साली या वृंदाने स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिनईकरांची गिटार ज्यांनी ऐकली, ते तिची थोरवी मानतात. पण ऐकणारे मूठभर. गाणी इंग्रजी, म्हणून मराठी वृत्तपत्रांना ती आपली वाटली नाहीत. वादक हिंदी, म्हणून विलायतेला ते आपले वाटले नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशातली ही गत.

आता १९३६ हे साल शेवटचे भेटते. त्याच वर्षी अमेरिकेच्या लुइझियाना संस्थानात एका अर्धेलीच्या घरी बडी गाय यांचा जन्म झाला. पोरवयात ते कापूस वेचीत आणि दोन तारांच्या घरगुती वाद्यावर सूर शोधीत. पुढे शिकागोस जाऊन ते ब्लूजचे थोर वादक झाले. सन २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरला, तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे बडी गाय तेथे वाजविण्यास आले. हिंदी चित्रपटाच्या त्या जुन्या वास्तूत मुंबईकर श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, हे योग्यच झाले. आमच्या मनात मात्र एक विचार येऊन गेला. त्याच वर्षी जन्मलेला मुंबईचा आमान्सियो डि'सिल्वा आज हयात असता, तर त्याच्यासाठी किती खुर्च्या भरल्या असत्या?

या ठिकाणी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. प्रत्येक साथीदार म्हणजे दडपला गेलेला महापुरुष, असे आमचे म्हणणे नाही. चाल संगीतकाराची असते, शब्द कवीचे असतात, आणि पन्नास वादकांना एका सुरात बांधणे हे स्वतंत्र कर्तृत्व आहे. कित्येक वादकांनी प्रसिद्धीपेक्षा नियमित कमाई आपखुशीने पत्करली. मुले शिकविली, घरे बांधली, आणि त्यांना त्याचा खेद नव्हता. हे सर्व मान्य. परंतु श्रेय वाटून घेतल्याने कमी होत नाही. थिरकवांचे नाव घेतल्याने बालगंधर्व लहान झाले नाहीत. नाव लिहून ठेवणे ही मेहेरबानी नव्हे, तो हिशेबाचा खरेपणा आहे.

आणि खरा हिशेब उशिरा का होईना, मांडता येतो. मिसिसिपी जॉन हर्ट या गिटारवादकाने १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि तो शेतावर परत गेला. पस्तीस वर्षे कोणी त्याची विचारपूस केली नाही. त्याच्या एका गाण्यात अ‍ॅव्हलॉन या त्याच्या गावाचे नाव होते. एका तरुणाने नकाशात ते गाव शोधले, १९६३ साली तेथे जाऊन विचारपूस केली, आणि म्हातारा जिवंत सापडला. पुढे तीनच वर्षे तो जगला. पण त्या तीन वर्षांत हजारो लोकांनी त्याला ऐकले. हे घडले ते एका माणसाने गाण्यातल्या गावाचे नाव मनावर घेतले म्हणून. मुंबईच्या चित्रपटवादकांच्या बाबतीत ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने असेच वृद्ध वादकांच्या दारी जाऊन त्यांच्या हकीकती लिहून घेतल्या आणि २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम परदेशातून आलेल्या माणसाने करावे, यात त्याचा गौरव आहे आणि आपला थोडा कमीपणाही आहे.

आता शेवटची गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात एका मांडवात वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता, आणि निवेदन आमच्याकडे होते. गायकगायिकांची नावे आम्ही विशेषणे लावून सांगितली. गिटार वाजविणारा तरुण कडेला, ध्वनिक्षेपकाच्या पेटीआड उभा होता. कार्यक्रम संपल्यावर तारा पुसता पुसता तो आम्हांस म्हणाला, "काका, तुम्ही छान बोलले. फक्त आमची नावं राहिली." आम्ही ओशाळलो, पुढच्या वेळी सांगू म्हणालो. पुढच्या वर्षी तो वृंद मोडला होता. त्या तरुणाचे नाव आम्हांस आजही ठाऊक नाही.

हा सर्व प्रपंच तेवढ्यासाठी आहे. आपल्या भजनी मंडळातील पेटीवाला, दिंडीतील मृदंगी, लग्नाच्या बॅन्डमधील वादक, शाळेच्या संमेलनात दरवर्षी मुलांना साथ करणारे गुरुजी, यांची नावे गावात आज कोणास तरी ठाऊक आहेत. ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे वयाने मोठी आहेत. एक साधी वही आणि एक पेन्सिल एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. श्रोत्यांपैकी कोणी ते मनावर घेतले, तर आमचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू. आणि त्या गिटारवाल्या तरुणाला कोणी ओळखत असेल, तर त्याचे नाव आम्हांस अवश्य कळवावे. आमच्या वहीचे पहिले पान आम्ही त्याच्यासाठी कोरे ठेवले आहे.